वाचकांचे प्रश्न : रोबोटचा हात आणि स्कॅनमधला बिंदू

शस्त्रक्रियेत रोबोट आणि सीटी, एमआरआय किंवा सोनोग्राफी यांचा मेळ कसा घालतात, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही पत्रं प्रयोगशाळेत अशी यंत्रणा उभारणाऱ्यांची आहेत, काही ऑपरेशन थिएटरात काम करणाऱ्यांची आणि एक रुग्णाच्या मुलीचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : रोबोटला शरीरातली गाठ दिसते का? सीटीत दाखवलेल्या ठिकाणी त्याची सुई नेमकी जाते कशी?

दिसत नाही. रोबोटला कळतात ते फक्त स्वतःच्या सांध्यांचे कोन. त्यावरून आपलं मनगट आपल्या बैठकीपासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहे, हे तो काढतो. गाठ मात्र सीटीच्या अक्षांत मोजलेली असते, आणि सीटी काढल्यानंतर रुग्ण उठून वेगळ्या खोलीत, वेगळ्या टेबलावर, कदाचित पालथा झोपलेला असतो. मधली वाट गणिताने बांधावी लागते.

ही वाट साधारण पाच टप्प्यांची. पहिला टप्पा स्कॅनपासून रुग्णापर्यंत, म्हणजे ज्याला रजिस्ट्रेशन किंवा जुळवणी म्हणतात तो. रुग्णाच्या हाडाला किंवा डोक्याच्या क्लॅम्पला एक रेफरन्स फ्रेम घट्ट बसवतात, आणि स्कॅनमधला प्रत्येक बिंदू या फ्रेमच्या हिशेबात कुठे आहे ते ठरवतात. दुसरा टप्पा त्या फ्रेमपासून ट्रॅकर कॅमेऱ्यापर्यंत, म्हणजे फ्रेमची जागा सतत मोजणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत. तिसरा कॅमेऱ्यापासून रोबोटच्या बैठकीपर्यंत, चौथा बैठकीपासून मनगटापर्यंत, पाचवा मनगटापासून सुईच्या टोकापर्यंत. प्रत्येक टप्पा म्हणजे चार बाय चारचं एक मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता). पाचांचा क्रमाने गुणाकार केला की स्कॅनमधला बिंदू सुईच्या टोकाच्या भाषेत मिळतो.

यातले दुसरा आणि चौथा टप्पा दर क्षणी नव्याने मोजले जातात. पहिला, तिसरा आणि पाचवा एकदा मोजून ठेवलेले असतात, आणि धोका तिथेच आहे. रेफरन्स फ्रेमला कोपर लागून ती २ मिमी सरकली, तरी कुठलाही आकडा लाल होत नाही. रोबोट तितक्याच आत्मविश्वासाने चुकीच्या जागी जातो.

एक सोय सांगण्यासारखी आहे. ट्रॅकरला रुग्णावरची फ्रेम आणि अवजारावरची फ्रेम दोन्ही एकाच वेळी दिसत असतील, तर दोघांमधलं सापेक्ष अंतर थेट मिळतं. मग कॅमेऱ्याचा स्टँड हलला तरी बिघडत नाही. रोबोट जमिनीवर, रुग्ण टेबलावर आणि मध्ये ट्रॅकरच नाही अशी मांडणी असेल, तर मात्र टेबल १ सेमी वर घेतलं तरी सगळी जुळवणी वाया जाते.

कल्पना जुनी आहे. १९८५ मध्ये मेंदूच्या बायोप्सीत सीटीवरून सुईची दिशा धरण्यासाठी पुमा जातीचा औद्योगिक रोबोट वापरला गेला. १९९२ मध्ये खुब्याच्या सांध्यासाठी रोबोडॉक आला. सुरुवातीला त्याच्यासाठी मांडीच्या हाडात आधी एक छोटी शस्त्रक्रिया करून धातूच्या पिना बसवाव्या लागत, कारण स्कॅन आणि हाड जुळवायला इतकी पक्की खूण दुसरी नव्हती.

प्रश्न : चार खुणा वापरून जुळवणी केली, पडद्यावर ०.७ मिमी चूक दिसली. तरी फँटममध्ये (शरीराऐवजी चाचणीला वापरायच्या नमुन्यात) सुई लक्ष्यापासून दीड-दोन मिमी बाहेर गेली. सॉफ्टवेअरचा आकडा खोटा असतो का?

आकडा खरा आहे, पण तो तुमच्या लक्ष्याबद्दल काहीच सांगत नाही. जुळवणीसाठी वापरलेल्या खुणा एकमेकींवर बसवल्यावर उरलेली सरासरी तफावत तेवढी तो सांगतो. लक्ष्याजवळ किती चूक होईल हा वेगळा प्रश्न आहे, आणि या दोन आकड्यांचा एका जुळवणीपुरता आपसात संबंध नसतो. एक लहान म्हणून दुसरा लहान, असं धरता येत नाही.

हिशेबच करून पाहू. प्रत्येक खूण शोधताना सरासरी १ मिमी चूक होते असं धरा. चार खुणांवर पडद्यावरचा अपेक्षित आकडा येतो ०.७१ मिमी. तुमचा ०.७ त्यातलाच. खुणा दहा केल्या तर हा आकडा वाढून ०.८९ होतो. नवखा माणूस इथे घाबरून खुणा कमी करतो. प्रत्यक्षात खुणांच्या मध्यबिंदूपाशी लक्ष्यावरची चूक चार खुणांना ०.५ मिमी असते आणि दहा खुणांना ०.३२ मिमी. म्हणजे पडद्यावर आकडा वाढला आणि अचूकता सुधारली.

आता लक्ष्य मध्यबिंदूपासून १०० मिमी दूर आहे असं समजा. चार खुणा चांगल्या पसरलेल्या असतील, प्रत्येक अक्षापासून साधारण ५० मिमीवर, तर तिथे अपेक्षित चूक ०.९६ मिमी. त्याच चार खुणा जवळजवळ, २५ मिमीवर असतील तर १.७ मिमी. दोन्ही वेळा पडदा ०.७१ च दाखवेल! तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं आहे. खुणा फँटमच्या एका पृष्ठभागावर आणि लक्ष्य खोल आत. शिवाय सुई वाकली असेल तर ती चूक वेगळी. तिरक्या टोकाची सुई उताराच्या विरुद्ध दिशेने वळत जाते, आणि ट्रॅकरला दिसते ती फक्त मूठ.

खुणा कमीत कमी तीन लागतात, त्याही एका रेषेत नकोत. व्यवहारात सहा ते आठ घ्या. लक्ष्य त्यांच्या घेऱ्याच्या आत येईल अशा पसरवा, आणि सगळ्या एका पातळीत ठेवू नका. त्वचेवरच्या चिकट खुणांना एक जादा आजार असतो. उताणं झोपवून स्कॅन केलं आणि शस्त्रक्रियेसाठी पालथं केलं की त्वचा सगळीकडे एकाच दिशेने सरकते. सगळ्या खुणा मिळून सरकल्या तर पडद्यावरचा आकडा उत्तम राहतो, कारण खुणांचं आपसांतलं अंतर बदललेलंच नसतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे ‘खराब’ खूण गाळून आकडा खाली आणणं. एखादी खूण खरंच ढिली आहे हे डोळ्यांनी दिसलं तर गाळा. आकडा शोभत नाही म्हणून गाळू नका.

मग विश्वास कशावर ठेवायचा? जुळवणीत न वापरलेल्या जागांवर. टोकदार पॉइंटरने हाडावरच्या ओळखीच्या तीन जागा शिवायच्या, तिन्ही वेगळ्या दिशांना आणि निदान एक लक्ष्याच्या जवळ, आणि पडद्यावर टोक नेमकं तिथेच दिसतं का ते पाहायचं. या तपासणीला एक मिनिट लागतं. हाडाच्या पृष्ठभागावर पॉइंटर फिरवून, तिथले बिंदू घेऊन जुळवणी करत असाल तर ही तपासणी टाळूच नका. तो हिशेब जवळच्या चुकीच्या उत्तरात अडकून बसू शकतो. कवटीचा गुळगुळीत गोल भाग जरासा फिरवला तरी स्वतःवर नीट बसतो, म्हणून नाकाचा कणा आणि डोळ्यांच्या खोबण्यांच्या कडांसारख्या जागांचे बिंदू त्यात हवेतच.

प्रश्न : थ्रीडी स्लायसर या स्कॅन पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आखलेला मार्ग रोबोटला पाठवला तर तो बरोबर उलट बाजूला जातो. मॅट्रिक्सचा डिटरमिनंट (त्याच्यातून निघणारा एक आकडा) १ येतो, म्हणजे आरसा पडलेला नाही. मग चूक कुठे?

डायकॉमच्या, म्हणजे स्कॅनची चित्रं साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या, अक्षांत. डायकॉम डावीकडे, पाठीकडे आणि डोक्याकडे धन मोजतं. थ्रीडी स्लायसर उजवीकडे, पोटाकडे आणि डोक्याकडे. दोन अक्षांची चिन्हं बदलतात. दोन चिन्हं एकदम बदलणं म्हणजे उभ्या अक्षाभोवती १८० अंश फिरणं, त्यामुळे डिटरमिनंट १ च राहतो आणि तुमची चाचणी काही पकडत नाही. एकच चिन्ह बदललं असतं तर उणे १ आला असता.

याच कुळातल्या आणखी काही चुका. रॉस हे रोबोटचं सॉफ्टवेअर मीटरमध्ये मोजतं, स्लायसर मिलिमीटरमध्ये. क्वाटर्नियनमध्ये, म्हणजे फिरणं सांगणाऱ्या चार आकड्यांत, रॉस डब्ल्यू शेवटी लिहितं, आयगेन या गणिताच्या लायब्ररीचा कन्स्ट्रक्टर तो आधी मागतो. डायकॉमच्या पिक्सेल स्पेसिंगमधला पहिला आकडा ओळींमधलं अंतर असतो, स्तंभांमधलं नव्हे. चौरस पिक्सेल असताना ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. आणि कापांमधलं अंतर स्लाइस थिकनेसवरून घेऊ नका. काप एकमेकांवर चढलेले किंवा विरळ असू शकतात. लागोपाठच्या दोन कापांच्या इमेज पोझिशनमधून ते काढा.

चाचणीसाठी प्रत्येक अक्षावर वेगळा आकडा घ्या, उदाहरणार्थ १०, २० आणि ३० मिमी, सोबत एकाच अक्षाभोवती ३० अंशांचं फिरणं. हा मॅट्रिक्स एका टोकाने पाठवून दुसऱ्या टोकाला छापून पाहा. सममित आकडे किंवा ९० अंश घेतले तर अर्ध्या चुका दिसणारच नाहीत. ही माहिती पाठवायला ओपनआयजीटीलिंक हा प्रोटोकॉल वापरत असाल तर पोर्ट बहुतेक ठिकाणी १८९४४ असतो. संदेश येतो पण वाचता येत नाही अशी तक्रार असेल तर हेडर पूर्ण ५८ बाइट्स वाचला जातोय का आणि दोन्हीकडे प्रोटोकॉलची आवृत्ती एकच आहे का, हे आधी पाहा.

प्रश्न : रोबोटच्या मनगटावर मार्कर बसवून हँड-आय कॅलिब्रेशन करतो. दर वेळी उत्तर वेगळं येतं. किती स्थिती घ्याव्यात?

ट्रॅकरला दिसणारा मार्कर मनगटाच्या हिशेबात नेमका कुठे बसलाय ते काढणं, म्हणजे हे कॅलिब्रेशन. त्यात संख्येपेक्षा फिरवण्याकडे लक्ष द्या. गणिताला किमान दोन हालचाली लागतात आणि त्यांचे फिरण्याचे अक्ष समांतर नसावे लागतात. बरेच जण फक्त शेवटचा सांधा फिरवतात किंवा मनगट सरळ ठेवून हात इकडेतिकडे सरकवतात. अशाने एका दिशेची माहिती मिळतच नाही आणि उत्तर गोंगाटावर तरंगतं.

१५ ते २० स्थिती घ्या. दोन स्थितींत निदान ३० अंशांचा फरक ठेवा, आणि तो तिन्ही अक्षांभोवती. हात थांबल्यावर सेकंदभर जाऊ द्या, मग ट्रॅकरची ५० ते १०० मोजमापं घेऊन त्यांची सरासरी काढा. ट्रॅकर सुरू केल्या केल्या काम सुरू करू नका, उत्पादकाने दिलेला तापण्याचा वेळ पाळा. काही स्थिती बाजूला काढून ठेवा आणि उत्तर फक्त त्यांच्यावर तपासा.

कोनाची चूक किती महागात पडते, ते लक्षात असू द्या. मनगटापाशी १ अंश चुकला तर १०० मिमी लांबीच्या अवजाराच्या टोकाला १.७५ मिमी आणि २०० मिमीच्या टोकाला ३.५ मिमी फरक पडतो. सुईचं टोक शोधण्यासाठी ते एका खोलगट बिंदूत टेकवून मूठ सगळीकडे फिरवतात. त्यात टोक खड्ड्यातून जरा जरी उचललं गेलं तरी उत्तर बिघडतं. आणि सुई बदलली की हे पुन्हा करायचं. त्याच कंपनीची, त्याच लांबीची सुई असली तरीही.

प्रश्न : सोनोग्राफी बघत रोबोटने यकृतात सुई घालायची आहे. स्थिर फँटममध्ये जमतं, हलत्या फँटममध्ये सुई कायम मागे राहते.

मागे राहते म्हणजे वेळेची चूक आहे, जागेची नव्हे. श्वासाबरोबर यकृत साधारण १० ते २५ मिमी वरखाली होतं. वेग सेकंदाला १५ मिमी धरला आणि चित्र १५० मिलिसेकंद जुनं असेल, तर २.२५ मिमीचा फरक तिथेच पडला. १५० मिलिसेकंद काही फार नाहीत. सोनोग्राफी यंत्राची आतली प्रक्रिया, चित्र पकडणारं कार्ड, नेटवर्क, चित्रातून लक्ष्य शोधणारा प्रोग्रॅम, प्रत्येक जण आपला वाटा उचलतो.

आधी विलंब मोजा. पाण्याच्या भांड्यात प्रोब तळाकडे तोंड करून धरा आणि हळूहळू वरखाली करा. एका आलेखावर ट्रॅकरने सांगितलेली प्रोबची उंची काढा, दुसऱ्यावर चित्रात दिसणाऱ्या तळाच्या रेषेचं अंतर. दोन्ही लाटांसारखे येतील आणि एक दुसऱ्याच्या मागे असेल. सरकवून सर्वांत चांगले जिथे जुळतात, तेवढा विलंब. दहा-पंधरा सेकंदांची नोंद पुरते. यंत्रावर चित्राची खोली किंवा फोकसची संख्या बदलली की फ्रेम-दर बदलतो आणि त्याबरोबर विलंबही, म्हणून ज्या सेटिंगवर काम करायचं त्याच सेटिंगवर मोजा.

दुसरी गोष्ट वेळेच्या शिक्क्याची. चित्र संगणकावर पोहोचलं तेव्हाची वेळ नको, ते घेतलं गेलं तेव्हाची हवी. संगणक दोन असतील तर त्यांची घड्याळं जुळवलेली असावीत. घड्याळं जुळवणाऱ्या पद्धतींपैकी एनटीपी स्थानिक नेटवर्कवर मिलिसेकंदांपर्यंत आणते आणि सोनोग्राफीला ते चालतं. पीटीपी मायक्रोसेकंदांपर्यंत जाते, पण तिची गरज रोबोटच्या नियंत्रण फेरीत पडते, चित्रात नाही.

तिसरी गोष्ट दरांची. रोबोटची नियंत्रण फेरी सेकंदाला १००० वेळा फिरते, ट्रॅकर ६० वेळा सांगतो, चित्र ३० वेळा येतं. चित्रातून आलेलं लक्ष्य जसंच्या तसं रोबोटला दिलं तर हात झटके खात जातो. मध्ये एक अंदाज बांधणारा टप्पा हवा, कालमन फिल्टर (मागच्या मोजमापांवरून पुढचा अंदाज काढणारं गणित) किंवा श्वासाच्या लयीचं साधं मॉडेल, जो मोजलेला विलंब भरून काढून पुढची जागा सांगेल. आणि एक पहारेकरी हवाच. शेवटची माहिती ठरावीक वेळेपेक्षा जुनी झाली की हात थांबला पाहिजे. ही मर्यादा हिशेबाने ठरवा: परवडणारी चूक भागिले वेग. १.५ मिमी चालत असेल आणि वेग १५ मिमी असेल तर १०० मिलिसेकंद. रुग्ण खोकला की अंदाज बांधणारं कुठलंही मॉडेल कोलमडतं, तेव्हा हाच पहारेकरी कामाला येतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत मात्र एवढी धावपळ बहुधा करत नाहीत. भूलतज्ज्ञ काही सेकंद श्वास रोखून धरतात आणि सुई तेवढ्यात जाते. जिथे ही सोय आहे तिथे हलत्या लक्ष्याचा पाठलाग करणारा रोबोट आणण्यात फारसा अर्थ नाही, असं आमचं मत आहे.

जाता जाता, तुमच्या पत्रात फँटम साध्या नळाच्या पाण्यात ठेवल्याचा उल्लेख आहे. सोनोग्राफी यंत्र आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून अंतर काढतं. २० अंश तापमानाच्या पाण्यात तो सुमारे १४८२ असतो. त्यामुळे ५० मिमी खोलवरचा बिंदू ५२ मिमीवर दिसतो. पाणी ५० अंशांच्या आसपास गरम करा, नाहीतर हिशेबात दुरुस्ती करा.

प्रश्न : ऑप्टिकल ट्रॅकर चांगला की चुंबकीय?

दृष्टी अडत नसेल तर ऑप्टिकल, म्हणजे कॅमेऱ्याने पाहणारा. चांगल्या ट्रॅकरची त्याच्या क्षेत्रातली चूक पाव मिलिमीटरच्या आसपास असते. लवचीक कॅथेटरचं किंवा शरीराच्या आत गेलेलं टोक हवं असेल तर चुंबकीयला पर्याय नाही, पण सी-आर्म (थिएटरातलं फिरतं एक्स-रे यंत्र), टेबलाची पोलादी पट्टी, कापणारं विद्युत उपकरण या सगळ्यांनी त्याचं क्षेत्र वाकतं. रोबोटच्या मोटारींनीही वाकतं. त्याची परीक्षा रिकाम्या टेबलावर न करता, सगळी यंत्रं जागेवर ठेवून आणि सुरू करून घ्या.

प्रश्न : मी थिएटरात परिचारिका आहे. मणक्यात स्क्रू बसवायला रोबोट येतोय. आमच्या बाजूने काय सांभाळायचं?

बरंच काही. अशा यंत्रणेतल्या अनेक बिघाडांची सुरुवात संगणकात होत नाही, टेबलापाशी होते.

रेफरन्स फ्रेम सर्वांत आधी. ती कण्याच्या काट्यासारख्या उंचवट्याला किंवा कमरेच्या हाडात पिनेने बसवतात. बसवल्यावर बोटाने हलवून पाहा. वृद्ध रुग्णाचं हाड ठिसूळ असेल तर पीळ देऊन घट्ट केलेली पकडही नंतर ढिली होते. फ्रेमच्या बाजूला रिट्रॅक्टर, सक्शनची नळी, ड्रेपची घडी टेकलेली नको. सतत थोडा ताण देणारी नळी धक्क्यापेक्षा वाईट, कारण ती फ्रेम हळूहळू सरकवते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फ्रेमला धक्का लागल्याचं तुम्हाला जाणवलं, तर सर्जनने पाहिलं नसलं तरी तिथल्या तिथे सांगा. स्कॅन झाल्यानंतरचा धक्का असेल तर आधी खुणा शिवून तपासणी, आणि जुळत नसेल तर पुन्हा स्कॅन.

फ्रेमवरच्या, कॅमेऱ्याला दिसणाऱ्या परावर्तक गोळ्यांवर रक्ताचा थेंब पडला तर गोळी कॅमेऱ्याला दिसेनाशी होईपर्यंत थांबू नका. अर्धी झाकलेली गोळी दिसत राहते, पण तिचा मध्य सरकलेला दिसतो. ५० मिमी रुंदीच्या फ्रेमवर ०.३ मिमीची ही सरक २०० मिमी दूरच्या टोकाशी १.२ मिमी होते. ओल्या आणि मग कोरड्या गॉझने हलकेच पुसा, घासू नका. परावर्तक थर घासला गेला की गोळी बदलावी लागते, म्हणून टेबलावर जादा गोळ्या काढून ठेवा.

स्कॅन घेताना भूलतज्ज्ञांना आधी कळवा. तेवढ्या वेळापुरता श्वास थांबवला तर मणक्यांचं चित्र पुसट येत नाही. कॅमेऱ्याला त्या वेळी रुग्णावरची फ्रेम आणि यंत्रावरचे मार्कर दोन्ही दिसले पाहिजेत; नाहीतर स्कॅन होतं पण आपोआप होणारी जुळवणी होत नाही, आणि रुग्णाला किरणांचा डोस दुसऱ्यांदा द्यावा लागतो. सी-आर्मवरच्या साध्या चित्रांवरून जुळवणी करणारी यंत्रणा असेल तर तिची कॅलिब्रेशनची जाळी वाकलेली किंवा उलटी बसवलेली नाही ना, ते पाहा. जुन्या सी-आर्ममधल्या इमेज इंटेन्सिफायरचं (एक्स-रे चित्र उजळवणाऱ्या नळीचं) चित्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानेसुद्धा पिळलं जातं आणि ती पिळण आर्मच्या प्रत्येक कोनाला वेगळी असते. नव्या सी-आर्ममधल्या फ्लॅट पॅनलला हा त्रास नाही.

स्क्रूंचा क्रम सर्जन ठरवतात, पण त्यामागचं कारण माहीत असलेलं बरं. फ्रेमपासून जितका मणका दूर तितकी चूक जास्त, कारण मधले सांधे लवचीक असतात. एका मणक्यात जोर लावून स्क्रू पिळला की शेजारचे हलतात. म्हणून दूरचे आधी आणि फ्रेमजवळचे शेवटी घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. एकाच फ्रेमवर तीन-चारपेक्षा जास्त मणके करायचे असतील तर मध्येच तपासणी ठरवूनच ठेवावी.

आणि रोबोटचा हात बरोबर जागी असूनही स्क्रू चुकतो तो बहुतेक वेळा ड्रिल घसरल्यामुळे. हाडाचा उतार तीव्र असला की टोक उतारावरून बाजूला जातं आणि ड्रिलला वाट दाखवणारी नळी किंचित वाकते. पडद्यावर ठरलेला मार्ग तसाच दिसत राहतो. स्नायूंचा दाब नळीला ढकलत असेल तरीही हेच होतं. उपाय म्हणजे चीर थोडी वाढवणं, आधी वेगाने फिरणाऱ्या बरने हाडात छोटी खाच पाडणं, ड्रिलचा वेग जास्त आणि दाब कमी ठेवणं. नव्या, धारदार ड्रिल-बिटने निम्मं काम होतं, आणि ते वेळेवर हातात देणं तुमच्याकडे आहे.

प्रश्न : आईच्या मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. आठवड्यापूर्वीचं एमआरआय असताना शस्त्रक्रियेच्या मध्येच पुन्हा स्कॅन करणार म्हणतात. हे गरजेचं आहे का?

बऱ्याच वेळा असतं. कवटी उघडून मेंदूवरचं आवरण कापलं की आतलं पाणी वाहून जातं, मेंदू स्वतःच्या वजनाने खाली बसतो, काही औषधांनी आकसतो, आणि गाठीचा भाग काढल्यावर उरलेला भाग त्या पोकळीकडे सरकतो. ही सरक काही ठिकाणी १० मिमीच्या वर जाते. जुन्या एमआरआयवर चालणारी दिशादर्शक यंत्रणा तेव्हा कवटीच्या बाबतीत बरोबर असते, मेंदूच्या बाबतीत नाही. काठावरची गाठ राहिली का, हे पाहायला नवं चित्र लागतं. याच कारणासाठी १९९४ मध्ये बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात सर्जनला मध्ये उभं राहता येईल असं एमआरआय थिएटरात बसवण्यात आलं. सगळीकडे एमआरआयच असेल असं नाही. सोनोग्राफीनेही हे काम होतं आणि ते मिनिटांत होतं. एका छोट्या छिद्रातून फक्त सुईने तुकडा घ्यायचा असेल तर पाणी फारसं जात नाही, आणि जुनं एमआरआय बहुधा पुरतं. तुमच्या आईच्या बाबतीत यातलं काय लागू आहे, ते तिच्या सर्जनना जरूर विचारा. प्रश्न अगदी रास्त आहे.

प्रश्न : एमआरआयच्या खोलीत रोबोट नेता येतो का?

त्यासाठीच बनवलेला नेता येतो. साध्या मोटारींत चुंबक असतो, म्हणून तिथे पायझो (विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या मोटारी आणि सांध्याची स्थिती मोजणारे प्रकाशतंतूचे एन्कोडर वापरतात. पायझो मोटारीच्या ड्रायव्हरचा विद्युत गोंगाट चित्रात रेघा पाडतो. त्यामुळे अनेक ठिकाणी स्कॅन चालू असताना मोटार बंद आणि मोटार चालू असताना स्कॅन बंद, असा पाळीपाळीने खेळ चालतो. तारा खोलीत आणताना फिल्टरमधूनच आणायच्या. हवेवरच्या मोटारीला हा त्रास नाही, पण लांब नळीमुळे ती सुस्त होते.

लेबल नीट वाचा. ‘एमआर सेफ’ आणि ‘एमआर कंडिशनल’ वेगळे. दुसऱ्याला अटी असतात, आणि १.५ टेस्लाची अट पाळणारं उपकरण ३ टेस्लात चालेलच असं नाही. लक्ष्य चुंबकाच्या मध्याजवळ ठेवा, कारण कडेला चित्र ताणलं जातं. टायटॅनियमची सुई ओढली जात नाही, पण तिच्याभोवती काळी सावली पडते आणि सावलीचं टोक सुईच्या खऱ्या टोकाच्या पुढेमागे असू शकतं.

प्रश्न : सुई आत असताना रोबोट अडकला तर? लाल बटण दाबलं की तो आपोआप बाहेर येतो का?

नाही, आणि येऊही नये. आपत्कालीन बटणाने मोटारींची वीज जाते आणि सांध्यांचे ब्रेक लागतात. ब्रेक पकडेपर्यंत हात काही वेळा किंचित खाली बसतो. किती, ते आधी सुईविना करून, लांबच्या आणि जवळच्या दोन्ही स्थितींत मोजून ठेवा. त्यानंतर हात आहे तिथे ताठ उभा राहतो आणि सुई ऊतींत अडकलेली असते. खरा धोका आता रुग्णाच्या हालचालीचा: श्वास चालू, हात स्थिर, आणि सुई आतल्या आत कापत जाते. म्हणून भूलतज्ज्ञांना पहिला इशारा. मग अवजार मनगटापासून सोडवायचं, म्हणजे सुई शरीराबरोबर मोकळी हलेल. ही पकड विजेशिवाय, निर्जंतुक ड्रेपवरून, एका हाताने सुटणारी हवी. विकत घेण्याआधी ती स्वतः सोडवून पाहा. त्यानंतर सुई तिच्याच रेषेत सर्जन हाताने बाहेर काढतील किंवा तशीच ठेवून पुढचा निर्णय घेतील. रोबोटचा हात ब्रेक सोडून मागे ढकलायचा तो सगळ्यात शेवटी. पुन्हा सुरू करताना सांध्यांची शून्य-स्थिती आणि रुग्णाची जुळवणी दोन्ही नव्याने तपासल्याशिवाय सुई परत चढवू नका.